संत पेद्रोचा मुक्काम

मच्छिमार संघाच्या कचेरीत कुणी कुठल्या खुर्चीत बसावं यावरून आमच्या वस्तीत नेहमीच कुरबुरी होतात. पण त्या सोमवारी अध्यक्षांच्या खुर्चीत चक्क पेलिकन बसला होता. अध्यक्ष अबुंदियो केरेवालूने टोपी हलवली, झाडू दाखवला, दोन शिव्याही हासडल्या. पक्षी ढिम्म हलेना. शेवटी अबुंदियोने उभ्यानेच कागदांवर सह्या केल्या आणि बाहेर येऊन जाहीर केलं, "या पाखरांचा आता सोक्षमोक्ष लावायचा."

पाखरं काही एकदोन नव्हती. समोरच्या बेटांवरचे सगळे पेलिकन पंधरा दिवसांपासून गावात उतरले होते. मासळीबाजारात ते गिऱ्हाइकांच्या रांगेत उभे राहत आणि कुणाच्या हातात सेविचेची, म्हणजे लिंबात मुरवलेल्या कच्च्या मासळीची, बशी दिसली की घरापर्यंत पाठ सोडत नसत. अशा वेळी तुम्ही-आम्ही सगळे एकच करतो, झाडू शोधतो. पाखरं का आली, हे विचारायचं राहूनच जातं.

अबुंदियोच्या डोक्यात तर वेगळंच वारं होतं. यंदा मच्छिमारांचा राखणदार असलेल्या संत पेद्रोच्या सणाचा मान त्याच्याकडे आला होता. एकोणतीस जूनला संताची मूर्ती होडीतून समुद्रात फिरवायची आणि मग अख्ख्या वस्तीला मासळी जेवू घालायची, हे मानकऱ्याचं काम. त्याने संताला नवा निळा झगा शिवून घेतला आणि तिसऱ्याच दिवशी अंचोवेता धक्क्याला लागली. ही बोटभर रुपेरी मासळी आमच्या समुद्रात कायमची, पण ती धक्क्याखाली अशी दाटीवाटीने आलेली कुणी पाहिली नव्हती. बायका टोपल्या बुडवायच्या आणि भरून काढायच्या.

"झगा आवडला संताला," अबुंदियोने त्याच कचेरीत भरलेल्या सभेत सांगितलं. "सणाला सगळ्या होड्या काढायच्या, सगळी बारीक जाळी टाकायची. पिल्लूसुद्धा सुटता कामा नये. पलीकडच्या बंदरातल्या माझ्या मेव्हण्याचे डोळे पांढरे झाले पाहिजेत."

टाळ्या पडल्या. फक्त सोइलामावशीने वाजवल्या नाहीत. चाळीस वर्षं ती धक्क्यावर बसून मासळी साफ करते, आणि तिने तोंड उघडलं की भलेभले खुर्ची सावरून बसतात.

"अबुंदियो, मासळी झगा बघायला नाही आलेली. तिला उकडतंय."

"मावशी, माशाला कसं उकडेल? तो पाण्यात असतो."

"पाणीच तापलंय, तर तो बिचारा काय करील? जूनमध्ये, ऐन थंडीत, आपल्याकडे कधी कुणी डुंबलंय का? यंदा तुझी बायकोसुद्धा डुंबली."

"एकदाच गेले होते," दारात उभी असलेली डेल्मिरा म्हणाली.

"एरवी खोलातलं गार पाणी वर येतं, ते खत घेऊन येतं," मावशी पुढे म्हणाली. "त्या खतावर डोळ्याला न दिसणारं हिरवं वाढतं. त्यावर ही मासळी जगते, आणि मासळीवर पाखरं आणि आपण. यंदा वर गरम पाण्याची गोधडी पसरलीय. खत खालीच अडकलं. आपल्या किनाऱ्यालगत तेवढी त्यातल्या त्यात गार पाण्याची एक पट्टी उरलीय. उन्हाळ्यात घरात एकच पंखा चालू असला की सगळं घर त्याच्याखाली येऊन बसतं. दारातून बघणारा म्हणतो, वा, काय गोतावळा आहे! बाकीच्या खोल्या रिकाम्या पडल्यात, ते त्याला कुठं दिसतं?"

"आणि ही पाखरं?" कुणीतरी विचारलं.

"घरट्यातली अंडी टाकून आलीत ती. कुठली आई अंडी टाकून जेवणावळीला येते?"

सभेत माना डोलल्या. अबुंदियो मात्र हार मानणाऱ्यातला नव्हता. "हे सगळं बोलणं झालं. पुरावा काय?"

मावशीने पुराव्याची टोपली टेबलावर ठेवली आणि वर आपली सुरी. "भरल्या पोटाची एक दाखव. मी स्वतः तुझं जाळं ओढायला येते."

अबुंदियोने बाह्या सरसावल्या. त्यातल्या त्यात गुबगुबीत मासळी निवडून त्याने कापली. पोट रिकामं. दुसरी कापली, रिकामं. "या वरच्या आहेत, खालच्या बघू," म्हणून त्याने टोपली उलथी केली. विसाव्या मासळीला सेक्रेटरी मदतीला आला. तिसाव्या मासळीला खुर्चीतला पेलिकन खाली उतरला आणि कापलेला पुरावा एकेक करून गिळू लागला. त्याला कुणी अडवलं नाही. साठावी मासळी कापून झाल्यावर अबुंदियोने सुरी खाली ठेवली.

"ही अजून पोरं आहेत," मावशी हळू आवाजात म्हणाली. "उरली, तर दोन-तीन महिन्यांनी अंडी घालतील. आज सगळी उचललीस तर पुढच्या वर्षी तुझा नातू समुद्रातून काय काढणार, झगा?"

"पण आम्ही सोडली तर कासिमिरो उचलेल!" अबुंदियो कळवळून म्हणाला. कासिमिरो म्हणजे तोच पलीकडचा मेव्हणा. "मग आमच्या चांगुलपणाचं लोणचं घालायचं का?"

मावशीने आपली सुरी उचलून पुसली. "ते तू बघ," ती म्हणाली. "मानकरी तू आहेस."

सणाच्या दिवशी बँड वाजला, होड्यांवर कागदी पताका फडफडल्या, निळ्या झग्यातला संत अबुंदियोच्या होडीत उभा राहिला. कासिमिरोही आपल्या सात होड्या घेऊन आला. होड्या फुलांनी सजवलेल्या होत्या, आणि फुलांखाली बारीक जाळी होती.

"दाजी, तुमची प्रार्थना उरका पटकन," तो ओरडला. "मग आम्ही आमच्या प्रार्थनेला लागतो."

संत पाण्यावर असेपर्यंत आमच्याकडे कुणी जाळं टाकत नाही. कितीही मोठा दांडगट असो, त्याची तेवढी छाती नाही. एरवी तासाभरात संत परत फिरतो, कारण होडीत बरोबर असणाऱ्या फादरना जेवणाला उशीर चालत नाही. अबुंदियोने पाण्यात वाकून पाहिलं. खाली सगळं रुपेरी थरथरत होतं. ती साठ रिकामी पोटं त्याला आठवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला मासळी बघून भूक लागली नाही. त्याने सरळ त्या झुंडीच्या मध्यावर नांगर टाकला.

"अबुंदियो, हे काय?" फादर म्हणाले.

"संताचा मुक्काम. मानकऱ्याने म्हटल्याशिवाय संत परत फिरत नाही, आणि मी म्हणत नाही."

"किती वेळ?"

"मासळी आपणहून जाईपर्यंत."

फादरना दुसऱ्या होडीत बसवून जेवायला पाठवण्यात आलं. कासिमिरो होडीभोवती गरागरा फिरत राहिला. "दाजी, डोकं फिरलंय का तुमचं?"

"फिरलंय. तू घरी जा."

किनाऱ्यावर पाहुणे ताटं घेऊन बसले होते आणि मासळीचा पत्ता नव्हता. डेल्मिराने आपली पाळलेली सात बदकं कापली, प्रत्येक बदकामागे नवऱ्याचा उद्धार करत. समुद्राच्या संताच्या सणाला बदकाचा भात! सोइलामावशीने दोनदा मागून घेतला आणि म्हणाली, "बदकही पोहतंच की."

अबुंदियो तीन दिवस संताबरोबर पाण्यावर राहिला. पहिल्या दिवशी गाव हसलं. दुसऱ्या दिवशी डेल्मिराने उरलेला भात पाठवला, शिव्यांशिवाय. तिसऱ्या दिवशी कासिमिरो एकटाच वल्हवत आला. होडीत जाळं नव्हतं.

"मीही चाळीस कापल्या," तो खाली बघत म्हणाला.

"मग?"

"एकही भरलेली नाही." "दाजी, आमची बारीक जाळी बांधून ठेवलीत. अंडी घालून होईपर्यंत सोडत नाही. आता संताला घरी न्या. झगा पार खारवला."

त्यानंतरचे महिने सोपे गेले नाहीत. गरम पाण्याबरोबर वाट चुकून आलेले मोठे मासे गळाने पकडत आणि बाकी दिवस बटाट्यांवर काढत दोन्ही बंदरं तगली. कुरकुर झाली, पण जाळी बांधलेलीच राहिली.

मंडळी, समुद्र बदलतो तेव्हा तो आधी हात आखडत नाही. कधीकधी तो सगळं एकदम आपल्या दारात आणून ओततो, आणि आपण हात जोडून टोपली पुढे करतो. टोपली पुढे करण्याआधी एवढं विचारावं, की हे देणं आहे, का कुणीतरी जीव वाचवायला आपल्याकडे धावत आलंय? कारण दारात आसऱ्याला आलेल्याला आपल्यात कुणी पातेल्यात घालत नाही.