बसच्या पाट्यांवरचं कन्नड

धारवाडच्या त्या कॉलेजात पहिल्या वर्षाला येणाऱ्यांचं काम बारावीच्या गुणपत्रिकेवर भागत होतं. गौतमी मात्र पुण्याहून बदलून, थेट दुसऱ्या वर्षाला येत होती. तिला टी.सी. हवी, मायग्रेशनचा दाखला हवा, आणि परराज्यातून आलेली म्हणून कन्नड वाचून दाखवायला हवं. दाखला काढला तेव्हाच पुण्याचं दार बंद झालं होतं. इथलंही उघडलं नाही, तर वर्ष बुडणार आणि आईला हुबळीत, केशवापुरातल्या घरी एकटं ठेवून पुन्हा कुठल्यातरी परगावी जावं लागणार. अप्पा गेले त्याला अजून एक उन्हाळाही सरला नव्हता.

कन्नड ती घडाघडा बोलायची. पण शाळा मिरजेला मामाकडं झाली, कॉलेज पुण्याला. कन्नड अक्षरं भेटली ती सुट्टीत, अप्पांच्या बसमध्ये. अप्पा, म्हणजे तिचे वडील, प्रेमानंद कंडक्टर, तिला पुढच्या खिडकीपाशी बसवत आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक बसची पाटी वाचायला लावत. कलघटगीचा क, बेलूरचा ब. पाटी नजरेआड व्हायच्या आत वाचायची.

"पुस्तकातून का नाही शिकवत, अप्पा?"

"पुस्तक एका जागी बसून असतं गं. त्याला कसली घाई!"

आता तेच एका जागी बसणारं पुस्तक लीला मॅडमनी तिच्यापुढं ठेवलं. कन्नडच्या प्राध्यापिका, चष्म्यावरून बघायच्या. खिडकीत मऊ, धुकट उजेड होता. पानावरची वाटोळी अक्षरं संध्याकाळच्या स्टॉपवर माणसं उभी असतात तशी एकमेकांना चिकटून उभी होती. एकही ओळखीचं वाटेना.

मग पान हळूच हलल्यासारखं झालं. कुठूनतरी हाक आली, "हिंद जागा ऐति, हिंद होग्री!" मागं जागा आहे, मागं सरका. अक्षरं निमूट मागं सरकली. शब्दाशब्दांत जागा झाली. गौतमी वाचू लागली. प्रत्येक शब्दाचा शेवट लांबवून ती क्षणभर थांबे, कुणी उतरणार असल्यासारखी.

"काय गं," मॅडमनी कन्नडात विचारलं, "वाचतीयस की तिकिटं फाडतीयस?"

"अप्पांनी असंच शिकवलं, मॅडम. ते कंडक्टर होते."

'होते' हे तिनं कन्नडात पहिल्यांदाच म्हटलं. ते कानाला परकं लागलं.

"हं. चालू दे तुझी गाडी."

गाडी धड्यातल्या तळ्याच्या काठानं, झाडांतून गेली आणि शेवटच्या ओळीत थांबली.

"हे अक्षर मला येत नाही, मॅडम."

"ऋ. ऋतू."

"या अक्षराच्या गावाला आमची बस जात नव्हती."

मॅडमनी प्रवेशाचा कागद ओढून सही केली.

"बरं, मग आज इथंच उतर. सोमवारी वर्गात ये. पुढचं मी दाखवते."

हुबळीत उतरून तिनं केशवापूरची बस धरली. पुढच्या खिडकीची जागा रिकामी होती.

"अक्का, कुठं?" कंडक्टरनं विचारलं.

"केशवापूऽऽर!"

तो दचकला, मग हसला. "अक्का, ओरडायचं काम माझं."

तिकीट मुठीत धरून गौतमी काचेकडं वळली. समोरून एक पाटी येत होती. ती जवळ येण्याआधीच तिचे ओठ हलू लागले.