पाताळाचे कोपरे

नानासो मास्तरांनी शेपटीत तार कोंबली आणि शेंडा वर वाकवला. धुळा कमरेवर हात ठेवून उभा होता. तोंडभर शेंदूर, गालांत कापसाचे बोळे, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट.

"आता तू मारुती. रंग उतरेपर्यंत खायचं नाही आणि खोटं बोलायचं नाही."

"आन् बोललं तर?"

"तोंडभर पुरळ उठतं," असं ठोकून देऊन मास्तर राम-लक्ष्मणांना शोधायला गेले. ते दोघे आपणहून पळाले होते. अहिरावणाला कामच ठेवलं नव्हतं.

कुंडलच्या शाळेतलं गणपतीचं नाटक. अहिरावण राम-लक्ष्मणांना पाताळात नेतो, मारुती त्यांना सोडवून आणतो. पाताळ म्हणजे पडद्यामागचा सातवीचा वर्ग.

तोंडाला रंग लागला की पोर देव, हा गावचा रिवाज. बाया ओळीनं पाया पडून जात होत्या. धुळाची आईही पडली, पण उठता उठता त्याची चड्डी वर ओढून गेली.

शेवटी अंबूबाई आली, तेव्हा धुळानं पाय मागं घेतले. कुठल्या पोरानं आपला किती ऊस मोडला हे तिला तोंडपाठ होतं, आणि धुळाच्या नावावर बराच ऊस होता. पण तिनं काठी भिंतीला टेकवली, त्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तशीच राहिली.

"देवा, तू पाताळात जातुयास. माजा जोतीराम तितं हाय का, येवढं सांग."

जोतीराम एकाहत्तरच्या लढाईत गेला तो गेलाच. पलटणीच्या पत्रात 'बेपत्ता' होतं, पुढं काही नव्हतं. भावकीनं दोन वर्षं कळ काढली. आता दीर लालासाहेब म्हणत होते, गणपती बोळवले की परवा चार माणसं बसवू, पोराचे दिवस घालू, सुनेचं कुंकू उतरवू. अंबूबाईनं हो म्हटलं नव्हतं; नाही म्हणायला हातात काही नव्हतं.

धुळानं दाराकडं पाहिलं. मास्तरांचा पत्ता नव्हता. त्यानं गालावरून बोट फिरवलं. तालमीला रोज तो पाताळात जात होता, म्हणजे ठाऊक नाही म्हणायची सोय नव्हती.

"जोतीरामकाका दिसला न्हाई मला तितं."

अंबूबाईनं मान वर केली.

"नीट बघितलंस?"

धुळा घुटमळला.

"कोपऱ्यात न्हाई बघितलं."

ती काठी घेऊन बायांच्या रांगेत जाऊन बसली.

नाटक रंगलं. पडदा सरकला, पाताळ उघडलं. मधोमध बाकाला बांधलेले राम-लक्ष्मण मारुतीची वाट बघत होते. मारुती आला आणि सरळ त्यांना ओलांडून गेला. त्यानं खुंटीवरचा कंदील काढला. एका कोपऱ्यात धरला, वाकून पाहिलं. मग दुसऱ्या कोपऱ्यात. कपाटामागं.

"अरं सोड की आमाला!" लक्ष्मण कुजबुजला.

विंगेतून मास्तरांचा हात रागानं हलत होता. लोक हसायला लागले. मारुतीनं फळ्यामागचा शेवटचा कोपराही पाहिला, कंदील खाली ठेवला, बायांच्या रांगेकडं तोंड केलं आणि सावकाश नकारार्थी मान हलवली.

मागच्या बाकावर लालासाहेब डोळ्यांत पाणी येईतो हसत होते. अंबूबाई त्यांच्याकडं वळली.

"भावजी, परवा कुनाला बोलवू नगा."