पांढरा बस्ता

आमच्या नानांना धंदा कळत नाही, असं सगळा अमरावतीचा कापडबाजार म्हणे, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. भटाच्या पोरानं पंचांग सोडून गज हातात घेतला की दोन्हीकडची माणसं हसतात. आजोबा लग्नं लावायचे, नाना लग्नाची कापडं विकायचे. म्हणजे चूल तीच होती, फक्त सरपण बदललं होतं.

दुकान जवाहर गेटाच्या आत आणि दुकानाच्या पाठीशी घर. मधल्या दाराला पडदा. त्या पडद्याआडून आईनं आणि मी जितकी लग्नं पाहिली तितकी कुणी मांडवात बसून पाहिली नसतील. लग्नातलं खरं भांडण मांडवात होतच नाही, ते बस्त्यात होतं. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं बैलगाड्या जुंपून एकाच दुकानात येणार, गादीवर चढून बसणार, नवरीच्या शालूपासून न्हाव्याच्या धोतरापर्यंत सगळं कापड एका बैठकीत घेणार. मधे रुसणार, चहा पिणार, पुन्हा रुसणार. शेवटी सगळ्याचं मिळून गाठोडं बांधायचं, तो बस्ता. आमच्या दुकानाची रीत अशी, की बस्ता बांधायच्या आधी आई पडद्याबाहेर येई आणि नवरीच्या लुगड्याच्या आतल्या घडीला तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट लावी. लाल-हिरव्या लुगड्यावर ते कुणाला दिसतही नसे. पण सवाष्णीच्या त्या बोटासाठी गिऱ्हाईक लांबून येतं, अशी आईची पक्की समजूत होती, आणि नानांनी ती कधी खोडली नाही.

अठ्ठावन्न साल उजाडलं तोवर बस्त्याचे दिवस सरत आले होते. कुळकायद्याच्या धास्तीनं मोठाले जमीनदारसुद्धा शालूवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "जरा हलकं दाखवा." नऊवारीची पाचवारी झाली. बायकांनी चार वार कापड वाचवलं, ते नानांच्या ताटातून गेलं. गादीवर लुगड्यांचा डोंगर उलगडून घ्यायचा आणि एक चोळीखण घेऊन उठायचं, ही नवी तऱ्हा आली. शेजारच्या खुशालरावांनी आहेरासाठी म्हणून जाळीसारखी विरळ लुगडी आणली. त्यांना खळ इतकी, की भिंतीला टेकवली तर उभी राहत. ती धडाधड खपली. नानांना म्हटलं, तुम्हीही आणा. ते म्हणाले, "पहिल्या धुण्यात ते लुगडं विरेल आणि बाई माझ्या नावानं बोटं मोडेल." अशा माणसाचा धंदा कसा चालायचा?

अकोल्याला आईच्या भावाची, कमलाकांतमामांची, मोठी कापडाची पेढी होती. मामांनी सांगून ठेवलं होतं, "हरिहरराव, दुकान मोडा आणि इकडे या. माझ्याकडे कापड दाखवायला एक माणूस लागतोच." मेहुण्याच्या गादीवर नोकर म्हणून बसायचं, ह्या एका विचारानं नाना भरल्या पानावरून उठत. येती लग्नसराई हातची गेली तर दुकान जाणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

अशात देवमनराव आले.

देवमनराव बडनेऱ्याच्या कापडगिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते आणि अमरावतीच्या वेशीबाहेरच्या त्यांच्या वस्तीचे पंच. त्यांचे वडील आमच्याच दुकानातून कापड घेत, पण पायरीखाली उभं राहून. नाना वरून टाकायचे, ते खालून झेलायचे. मी लहानपणी ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पुढे छप्पन साली त्या सगळ्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि पायरीखाली उभं राहणं सोडलं. जिथे गादीवर बसवत नाहीत तिथे पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. देवमनरावांनी वहाणा काढल्या आणि पायरीवर उभे राहून नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "या, बसा." हे त्यांनी मोठ्या मनानं केलं असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे गादी रिकामी होती.

"हरिहरराव," ते म्हणाले. त्यांचे वडील 'महाराज' म्हणत. "वैशाखी पुनवेले आमच्याकडे पाच लग्नं हायेत. एकाच मांडवात. हुंडा नाही, मानपान नाही, आहेर नाही. कर्ज काढून कापड घ्याचं नाही, असं पंचायतीनं ठरवलं. पाच पोरीयले पाच साड्या पाह्यजेत. पांढऱ्या."

"पांढऱ्या?" नानांनी पुन्हा विचारलं.

"कोऱ्या पांढऱ्या. आन हळद नाही, कुकू नाही. तुमच्या दुकानाची रीत मले मालूम हाय. ते बोट आमाले नको."

"नाही लावणार," नाना म्हणाले.

"मंग चांदूर रेल्वेपासून बडनेऱ्यापर्यंत आमच्याकडचे जेवढे लग्न होतीन, त्यायले मी तुमचंच दुकान सांगीन."

पडद्याआड मी ऐकत होते. तोवर काटकसर मी फक्त लाजत केलेली पाहिली होती. जमीनदारीण हलकं लुगडं घेताना उगाच सांगायची की हे मोलकरणीसाठी हं. ही माणसं मान वर करून काटकसर करत होती. मला त्यांचा हेवा वाटला.

आमच्या दुकानात पांढरं कापड मागच्या फळीवर सगळ्यात खाली असे. सुतकासाठी आणि विधवांसाठी. ते उलगडून दाखवायचं नाही, घडी तशीच हातात द्यायची, आणि ते घेणाऱ्याला 'पुन्हा या' म्हणायचं नाही. त्या नानांनी शालू होते ते खुशालरावांना येईल त्या भावाला दिले आणि नागपूरहून पांढऱ्या साड्यांचे गठ्ठे आणले. मऊ सूत, बोटभर निळा काठ, पोरीबाळींना रोज नेसायलाही कामी येतील अशा. समोरच्या फळ्या वरपासून खालपर्यंत पांढऱ्या झाल्या. येणारे-जाणारे थबकत. खुशालराव म्हणाले, "हरिहरराव, दुकान उघडलं का सुतक धरलं?" नाना हसले. किती तरी दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी धंदा केला होता हो, खराखुरा धंदा!

साड्या पसंत करायला देवमनरावांची बायको इंदूबाई पाची नवऱ्या मुलींना घेऊन आली. त्यात तिची लेक शालू होती. माझ्याच वयाची, सतरा-अठराची, बोलण्यात भारी चलाख. तिनं साडी अंगावर टाकून आमच्या आरशात पाहिलं आणि म्हणाली, "माय, मी मास्तरीन दिसून राहिली." सगळ्या खळखळून हसल्या. पडद्याआड आईनं माझा दंड घट्ट धरला. तिची धाकटी बहीण, माझी यमूमावशी, लग्नाचं वर्ष सरायच्या आत पांढऱ्या पातळात माहेरी परत आली होती आणि त्या पातळातच गेली. आईला पांढरं म्हणजे तेवढंच माहीत.

"बोहल्यावर पांढरं! सिंधू, असं कुणी नेसतं का ग," ती म्हणाली. "पोरी हसताहेत बघ कशा. त्यांना काय कळतंय?"

"त्यांना कळतंय आई. तुला कळत नाहीये."

नानांनीही तिला बजावलं, "अनसूये, ह्या साड्यांना हात लावायचा नाही. मी शब्द दिलाय."

"नाही हो," आई म्हणाली.

साड्या गोंडे वळण्यासाठी दोन दिवस आमच्या घरात होत्या. दुपारी नाना जेवून आडवे झाले आणि मी शेजारी, तेवढ्यात आईनं करंडा काढला. वरून दिसू नये म्हणून पार आतल्या घडीत लावलं. आणि एकीला लावून बाकीच्या चौघींना वाऱ्यावर कसं सोडायचं, म्हणून पाचही साड्यांना लावलं. घड्या पूर्ववत केल्या, वर हात फिरवला. संध्याकाळी नानांनी स्वतः गाठोडं बांधलं, आणि देवमनराव ते घेऊन गेले.

वैशाखातलं ऊन आणि तेलातलं कुंकू. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी देवमनराव गाठोडं घेऊन परत आले. वहाणा काढल्या नाहीत. पायरीवरूनच त्यांनी एक साडी उलगडली. एका घडीचं कुंकू दुसरीत उतरलं होतं, दुसरीचं तिसरीत, आणि निळ्या काठापासून पदरापर्यंत तांबडे डाग पडले होते. बाजार पाहत होता.

"हे काय हाय, हरिहरराव?"

नानांना एका नजरेत कळलं. ते उठून उभे राहिले. "चूक झाली. घरातून झाली. देवमनराव, तिनं वाईट मनानं नाही केलं."

"ठाऊक हाय मले. वाईट मनानं केलं असतं तं भांडलो असतो. चांगल्या मनासंग कसं भांडावं मानसानं?" त्यांनी साडी जशी घडी घालता येईल तशी घातली. "पोरी म्हनतात, नुसता डाग असता तं नेसलो असतो. पन हे कुकू हाय, आन आमी नाही म्हटल्यावर लावलेलं हाय."

"ह्या दुसऱ्या घेऊन जा. एवढ्या पडल्या आहेत. आत्ता न्या."

"नाही. पोरी घरच्याच धुतलेल्या नेसतीन." त्यांनी गाठोडं गादीच्या कडेला ठेवलं. नाना त्यांच्यामागून गेटापर्यंत अनवाणी गेले आणि एकटेच परत आले.

आईला ते एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर ती रडली असती आणि प्रकरण तिथे संपलं असतं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, मग मला म्हणाली, "फळीवरच्या पाच साड्या काढ. तूच काढ, माझा हात नको. आपण जाऊ."

"कुठे?"

"त्यांच्याकडे. मी पाया पडेन इंदूबाईच्या."

बारा वाजताच्या उन्हात आम्ही निघालो. गाठोडं माझ्या डोक्यावर. आई त्या वस्तीत कधी गेली नव्हती. वाट विचारताना वस्तीचं जुनं, जातीवरचं नाव तिच्या तोंडात आलं, ते तिनं गिळलं आणि "देवमनरावांचं घर" असं विचारलं. मला तिचं फार कौतुक वाटलं. वाटलं, हिला जमेल.

इंदूबाईच्या अंगणात मांडव घातलेला होता. साधाच, वर जांभळीच्या डहाळ्या. ती आम्हाला पाहून क्षणभर थांबली, मग आत जाऊन घोंगडी आणून अंथरली. "बसा बाई." आई बसली. घोंगडीच्या अगदी कडेला, पण बसली.

"चुकलं माझं," आई म्हणाली. "तुमच्या पोरीत मला माझी बहीण दिसली. तिचं झालं ते ह्यांचं होऊ नये, एवढंच होतं मनात. ह्या नव्या आहेत. मी शिवलेसुद्धा नाही. सिंधूनं काढल्या, सिंधूनं बांधल्या."

इंदूबाईनं गाठोडं मांडीवर घेतलं. गाठ सोडली, वरच्या साडीच्या घड्या एकेक करून पाहिल्या. शालू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचे डोळे साडीवर होते, आणि ते काही रागाचे नव्हते. चार पोरी तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"बहीन लहान होती?" इंदूबाईनं विचारलं.

"सतरा वर्षांची."

इंदूबाईनं उलगडलेली घडी पुन्हा घातली. मग म्हणाली, "उन्हातून आल्या. आधी पानी घ्या. मंग पाहू." ती उठली, माठातून पाणी काढलं आणि लख्ख घासलेला पितळी पेला आईच्या हातात दिला.

आईनं पेला घेतला. उचललाही. हनुवटीपर्यंत आला आणि तिथेच राहिला. मी मनात ओरडत होते, पी, आई, पी. एवढं चालून आलीस, पाया पडायला तयार झालीस, आता हे काय ग? तिच्या कपाळावर घाम आला. तिला प्यायचं होतं. शपथेवर सांगते, तिला प्यायचं होतं. पन्नास पिढ्यांनी तिचा हात धरून ठेवला होता आणि तिच्यात तो सोडवायची ताकद नव्हती.

मला राहवेना. मी हात पुढे केला. "दे, मी पिते."

"तुले नाही, पोरी," इंदूबाई म्हणाली. "तुह्या मायले देल्लं."

ती वाट पाहत उभी राहिली. घाई केली नाही. मग तिनं आईच्या हातातून पेला अलगद काढून घेतला आणि खाली ठेवला.

"बाई, तुमचं बोट आमच्या पोरीयच्या साडीत चालते, आन आमचं पानी तुमच्या ओठाले चालत नाही. मंग ह्या साड्या कोनासाठी आनल्या तुमी?"

उत्तर मिळेल म्हणून ती खरंच थांबली होती. आई घोंगडीवरून उठली. इंदूबाईनं गाठोड्याची गाठ पुन्हा बांधली, नीट, पक्की, आणि माझ्या डोक्यावर ठेवायला स्वतः हात लावला. शालू आत निघून गेली.

परतताना आई माझ्या पुढे चालत होती. एकदाही मागे वळली नाही. नाना दुकानाच्या दारात उभे होते. त्यांनी लांबूनच माझ्या डोक्यावरचं गाठोडं पाहिलं. आत वळले आणि दुकान बंद करायच्या दाराच्या फळ्या एकेक करून लावायला लागले, लग्नसराईच्या भर दुपारी.

आई पायरीवर बसली.

"दोन घोट पाणी होतं हो," ती म्हणाली. "दोनच घोट."

"हो," नाना म्हणाले, आणि त्यांनी शेवटची फळी बसवली.