मला सूचीतून काढणाऱ्याचे काय झाले

माझ्या अंगाचा रंग उडत नाही आणि मला गंजही चढत नाही. तरीही मित्रांनो, मी एक जुने संकेतस्थळ आहे आणि माझा एकदा मोठा अपमान झालेला आहे. तो कसा झाला आणि ज्याने केला त्याची पुढे काय गत झाली, ते आज मी तुम्हांला सांगणार आहे. नीट बसून ऐका. मध्ये चुळबुळ केलेली मला चालत नाही.

माझा जन्म पालघर तालुक्यातल्या दातिवरे या कोळ्यांच्या गावी झाला. मला घडवले चंद्रकांताने. ती सफाळ्याची लेक, संगणकाचे शिक्षण तिथेच घेतलेली आणि सोजराबाईंची धाकटी सून. सोजराबाई म्हणजे गावातल्या सुकी मासळी विकणाऱ्या साऱ्या बायांच्या पुढारीण. त्यांनी घसा खाकरला की ओटीवरची बडबड आपोआप थांबत असे. चंद्रकांताने मला प्रथम त्यांच्यासमोर उघडले तेव्हा त्यांनी फोन डोळ्यांपासून लांब धरून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि एकच प्रश्न विचारला.

"याच्यातून वास येल काय?"

नाही, असे सून म्हणाली.

"मंग गिऱ्हाईक येल कसा?"

परंतु हट्टाला पेटल्यावर सोजराबाई कोणतेही काम अर्धवट सोडत नसत. माझ्यावर काय असावे आणि काय नसावे हे त्यांनीच ठरवले. फुलापानांची नक्षी नको, नाचणारी अक्षरे नकोत. बांबूच्या वलांडीवर ओळीने लटकलेले बोंबील, अंगणात पसरलेला जवळा, सुकटीच्या टोपल्या, आजचा भाव आणि एक फोन नंबर. जवळ्याच्या छायाचित्रात एका कोपऱ्यात बाईंची मांजर डोळे मिटून बसलेली होती. चंद्रकांता तिला कापून टाकणार होती. बाई म्हणाल्या, राहू दे, माल चांगला आहे हे तिच्या तोंडावरून कळते.

आता मला गिऱ्हाईक मिळाले कसे, ते ऐका. बोईसर-तारापूरला कारखान्यांत आणि वीजकेंद्रात कामाला आलेली माणसे सांगली, जळगाव, बीड अशा लांबलांबच्या गावांची. दवाखाना कुठला चांगला, खानावळ कुठली स्वच्छ, हे नव्या माणसाला कळावे म्हणून त्यांच्यातल्याच काही जणांनी इंटरनेटवर एक परिचय-सूची चालवली होती. ही सूची यंत्राने गोळा केलेली नव्हती. प्रत्येक संकेतस्थळ कोणीतरी माणूस स्वतःच्या डोळ्यांनी पाहत असे, पटले तर आत घेत असे आणि त्याच्या नावाखाली परिचयाची एक ओळ स्वतः लिहीत असे. म्हणूनच कारखान्यांच्या कॅन्टीनवाल्यांचा तिच्यावर भरवसा होता. सूचीत नाव नसलेल्याकडून ते माल घेत नसत.

सूचीच्या मुख्य संपादक होत्या प्रियदर्शिनीबाई. मूळच्या कोल्हापूरकडच्या, यजमानांच्या नोकरीमुळे बोईसरला आलेल्या, आणि कमालीच्या काटेकोर. आत घेण्याइतकाच बाहेर काढण्याचाही त्यांचा दंडक कडक होता, आणि तो योग्यच होता. सालवडच्या एका मंगल कार्यालयाने आपल्या इंटरनेटवरच्या पत्त्याचे नूतनीकरण केले नाही, तेव्हा कोणा परक्याने तो पत्ता उचलून त्यावर जुगार मांडला. ते पान काढले. एका शिकवणीवर्गाच्या पानावर वर्षानुवर्षे 'काम चालू आहे' एवढेच झळकत होते, तेही काढले. एकाच माणसाने एकच दुकान तीन नावांनी घुसवले होते, तेव्हा तिन्ही नावे गेली. उघडत नाही ते काढा, रिकामे आहे ते काढा, दुसऱ्याचे उचलले आहे ते तर आधी काढा. मात्र काढण्यापूर्वी मालकाला एकदा फोन करा. असा तो दंडक.

मला त्या सूचीत मानाची जागा मिळाली. पावसाळ्याच्या बेगमीला आमच्याकडे अगोट म्हणतात. त्या अगोटीच्या दिवसांत कॅन्टीनवाल्यांचे फोन वाजत राहत आणि आमच्या बायांना टोपली डोक्यावर घेऊन बोईसरच्या बाजारात उन्हात बसावे लागत नसे. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

सूचीतील खाद्यपदार्थांचा विभाग सांभाळायला पुढे नीलेश नावाचा एक तरुण आपणहून पुढे आला. बोईसरला त्याचे सुक्या मासळीचे दुकान होते. ज्या विभागात आपला धंदा, त्याच विभागाचा संपादक आपण! प्रियदर्शिनीबाईंना तेव्हा मदतनिसांची चणचण होती. त्यांनी विश्वास ठेवला.

आणि मग आमच्या लोकांनी अशी एक गोष्ट केली, जी जगात दुसऱ्या कोणी केली नसती. पावसाळ्यात मासेमारी थांबली की होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात आणि माडाच्या झापांनी शाकारून ठेवतात. मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होईपर्यंत व्यवहार बंद. सोजराबाईंनी आज्ञा केली की होड्यांबरोबर मलाही शाकारावे. चंद्रकांता म्हणाली, "आय, हे बंद करायची गरज नसते. ते उघडंच ऱ्हाते."

"होडी वर आन् दुकान उघडा? लोकांना काय वाटल? दर्यात लपून जाळी टाकतात असा?"

त्यामुळे माझी छायाचित्रे उतरवण्यात आली, भाव पुसण्यात आले, आणि माझ्या कोऱ्या अंगावर दोनच शब्द उरले : 'बंद आहे.'

नीलेश जणू त्याचीच वाट पाहत होता. आषाढात तो एकदा माझ्या दारी आला, ते दोन शब्द त्याने वाचले, आणि फोन न करता मला सूचीतून काढून टाकले. कारण लिहिले : रिकामे पान. दंडकात ते बसत होते. माझ्या जागी त्याने स्वतःचे पान बसवले.

नारळी पौर्णिमेला आम्ही पुन्हा दार उघडले, पण दारात कोणी येईना. कॅन्टीनवाले सरळ सांगत, सूचीत नाव नाही, आम्हांला परवानगी नाही. आमच्या बाया पुन्हा टोपल्या घेऊन बाजारात बसल्या. उरलेला माल शेवटी नीलेशच्याच दुकानात, तो म्हणेल त्या भावाला टाकावा लागला. तो टोपलीतला बोंबील उचलून, वाकवून बघत असे आणि हसत विचारत असे, "काय मावशी, नेट चालत नाही का तुमचं?"

सोजराबाईंनी त्याला उत्तर दिले नाही. मित्रांनो, ज्या बाईचे उत्तर सदैव जिभेच्या टोकावर असते, ती गप्प बसली की समोरच्याने सावध व्हावे. नीलेश झाला नाही.

एके दिवशी चंद्रकांता त्याचे पान पाहत होती, आणि तिने एकदम सासूला हाक मारली. त्याच्या पानावर जवळा होता, आणि जवळ्याच्या कोपऱ्यात आमची मांजर डोळे मिटून बसलेली होती. तिने दोन-चार दिवस पारख केली. आम्ही सुकटीचा भाव बदलला की दुसऱ्या सकाळी त्याचाही बदले. त्याने अशी तजवीज करून ठेवली होती, की माझ्यावर जे असेल ते रोज पहाटे आपोआप त्याच्या पानावर उतरावे. वरची पाटी आणि फोन नंबर त्याचे. खालचे सारे माझे. मला हाकलून माझेच कपडे घालून तो माझ्या जागेवर बसला होता!

प्रियदर्शिनीबाईंकडे तक्रार गेली. नीलेशने बेधडक सांगितले, की छायाचित्रे त्याची आहेत, नक्कल कोळणींनी केली आहे; सूचीत नाव कोणाचे आहे ते बघा. प्रियदर्शिनीबाई न्यायाने वागणाऱ्या होत्या, पण मला आत घेताना दुसऱ्याच कोणी पाहिले होते, आणि त्या पुराव्यावाचून हलणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "सांगोवांगीवर मी कुणाला काढत नाही, सोजराबाई. बघेन त्या दिवशी पानावर जे दिसेल, ते मी मानेन."

"कवा बघाल?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा."

"मी सांगन," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर चंद्रकांताने सुचवले, की नक्कल करता येऊ नये असे कुलूप मला लावता येईल. आजच लावते, असे ती म्हणाली. बाईंनी तिचा हात धरला.

"नको. रोज वाढत जा त्याला. आयत्याची सवय लागू दे."

आणि आम्ही त्याला वाढले. हिवाळाभर वाढले, उन्हाळाभर वाढले. ताजी छायाचित्रे, ताजा भाव, सारे त्याच्या ताटात पडत राहिले. तो इतका सुखावला, की त्याने स्वतःचे पान उघडून बघणेच सोडून दिले. मीही गप्प राहिले. गप्प राहून वाट पाहण्यात किती गोडी असते, हे मला त्या काळात कळले.

अगोट सरली. होड्या वर आल्या. सुकी मासळी आता गावात उरली नव्हती, ती नीलेशच्या गोदामात होती, आणि भर पावसाळ्यात ती चढ्या भावाने विकायचे त्याचे दिवस आता सुरू होत होते. चंद्रकांताने सासूला अगदी काकुळतीने विनवले, की या वर्षी तरी पान बंद करू नका, गेल्या वर्षी त्यानेच घात झाला. बाई म्हणाल्या, "रीत ती रीत. शाकार त्याला. फकस्त या खेपेला मी सांगते ते लिव."

आणि त्यांनी ओटीवर उभे राहून शब्द सांगितले. चंद्रकांताने ते माझ्या अंगावर ठळक अक्षरांत कोरले :

'होड्या वर आल्या. दुकान बंद. नारळी पुनवेला उघडू. हे दुकान दातिवऱ्याच्या सोजराबाईचे आहे. वरच्या पाटीवर दुसऱ्या कोणाचे नाव असेल, तर तो चोर आहे.'

पहाट झाली. रोजच्या नेमाप्रमाणे नीलेशच्या पानाने हात पुढे केला, आणि मी जे होते ते मुकाट्याने त्याच्या हाती ठेवले.

दुकान उघडते न उघडते तोच त्याला एका कॅन्टीनवाल्याचा फोन आला, "नीलेशभाई, दुकान बंद कर दिया क्या?" नीलेश हसला, म्हणाला, छे, मी तर गल्ल्यावर बसलोय. पलीकडून आवाज आला, "तो फिर ये चोर किसको लिखा है?"

तेवढ्या वेळात सोजराबाईंनी प्रियदर्शिनीबाईंना फोन लावला होता आणि दोनच शब्द उच्चारले होते : "आता बघा."

त्यांनी पाहिले. नीलेशची पाटी, तिच्याखाली नीलेशचाच फोन नंबर, आणि त्याखाली तो मजकूर. आपल्याच पाटीखाली आपल्यालाच चोर म्हणणारा माणूस कोणी पाहिला आहे काय? नक्कल कोणी कोणाची केली, हे निराळे सांगावे लागले नाही. दुसऱ्याचे उचललेले पान म्हणून त्याचे नाव त्याच दिवशी सूचीतून गेले, आणि विभागही हातून गेला. प्रियदर्शिनीबाईंनी दंडक मात्र पाळला. काढण्यापूर्वी त्याला एकदा फोन केला. तो काय बोलला ते कळले नाही. पण तो फोन फार वेळ चालला नाही.

मासळीने भरलेले गोदाम घेऊन बसलेला नीलेश चार दिवसांनी दातिवऱ्याला आला. चिखलाने त्याची विजार गुडघ्यापर्यंत भरली होती. तो म्हणाला, मावशी, मूळ मालकाची हरकत नसेल तर मला परत आत घेतील, तुम्ही एक शब्द टाका. बाईंनी त्याला पाट दिला, पाणी दिले, चहा दिला. कारण पाहुण्याला तसेच परत पाठवणे आमच्यात बसत नाही. चहा संपल्यावर त्या म्हणाल्या, "माझी हरकत हाय."

तो खूप बोलला. वय झालेल्या माणसाने क्षमा करावी, असेही बोलला. बाईंनी सुनेला कप उचलायला सांगितले.

मित्रांनो, क्षमा मोठी असते असे तुम्हांला शाळेत शिकवतील. शिकवू द्यात. मी मात्र तुम्हांला एवढेच सांगेन, की आपल्या जागेकडे रोज एकदा स्वतः जाऊन बघत जा. मोडले असेल ते दुरुस्त करा, दार लावायचे असेल तर का लावले ते दारावर लिहून ठेवा. आणि दुसऱ्याच्या जागेची राखण अंगावर घेतली असेल, तर काढण्याआधी हाक मारा. एवढी काळजी ज्याने घेतली नाही, त्याचे पुढे जे होते ते होऊ द्यावे. मी त्याची रिकामी जागा अजूनही अधूनमधून पाहते आणि मला बरे वाटते.

मला सूचीत परत घेतले तेव्हा प्रियदर्शिनीबाईंनी माझ्या परिचयाची ओळ स्वतः लिहिली. यंत्राला ती कधी सुचली नसती. ती ओळ अशी : 'दातिवऱ्याच्या कोळणींची सुकी मासळी. पावसाळ्यात बंद असते. काढू नये.'