उकंडा मापाऱ्याची पायली

मित्रांनो, मी लोखंडी पत्र्याची एक जुनी पायली आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल, कारण आता धान्य किलोने तोलतात. पण एके काळी आमच्या भागात ज्वारी, तूर, हरभरा सारे माझ्यातच भरून मोजत. चार शेर धान्य माझ्या पोटात मावते, त्याहून मूठभर कमी नाही की मूठभर जास्त नाही. हे मी अभिमानाने सांगते.

नेरच्या बाजारात एका लोहाराने मला घडवले. पत्रा वाकवला, बूड बसवले, काठाला जाड पट्टी ठोकली. सरकारी माणसाने तपासून माझ्या अंगावर शिक्का उमटवला. मग नेरपासून तीन कोसांवरच्या एका खेड्यातल्या मापाऱ्याने मला विकत घेतले. मापारी म्हणजे खळ्यावर सर्वांचे धान्य मोजून देणारा माणूस. त्याचे नाव उकंडा.

त्याच्या आधीची भावंडे जगली नव्हती. म्हणून आईने त्याला जन्मताच उकिरड्यावर ठेवून परत उचलले आणि हे नाव दिले. पुढे ते घर ख्रिस्ती झाले. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेबांनी नवे नाव सुचवले, तेव्हा उकंडा म्हणाला, "देव गरिबाले उकिरड्यावरून उचलते, असं तुमीच वाचून दाखवलं ना साहेब? मंग माह्यं नाव कायले बदलू?" पाळकसाहेब हसले आणि नाव तेच राहिले.

त्याची बायको कौसल्या मिशनच्या शाळेत चार इयत्ता शिकलेली. रोज सकाळी ती पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, चार ओळी वाची आणि उकंडा डोक्यावरचे फडके काढून ऐके. एकदा तिने वाचले की, माणसाने घरात एक मोठे आणि एक लहान अशी दोन मापे ठेवू नयेत, देवाला त्याचा वीट येतो. उकंडाने माझ्या काठावर हात ठेवला. "आपल्या घरी एकच हाय," तो म्हणाला. मला फार बरे वाटले.

खळ्यावर पहिले माप ओतताना तो 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणे, आणि तेही असे मोठ्याने, की बांधापलीकडच्या माणसालाही ऐकू जावे. त्याच्या हातात मी रास उपसू लागले की कोणी पाहायला उभे राहत नसे. शेतकरी खुशाल तंबाखू मळत बसे.

१९५६ च्या दसऱ्याला गावातली काही घरे नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षा घेऊन आली. उकंडाच्या शेजारची पंचफुला त्यांतलीच. परत आल्यावर त्या लोकांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले. गावातले मोठे शेतकरी विठ्ठलराव यांच्या ते मनाला लागले.

त्या हिवाळ्यात विठ्ठलरावांच्या ज्वारीची सोंगणी, म्हणजे कापणी, झाली. पंचफुला आणि तिच्याबरोबर दीक्षा घेतलेल्या दहा बायकाही आठ दिवस राबल्या. मजुरी ज्वारीतच द्यायची होती. मापाच्या दिवशी विठ्ठलरावांनी उकंडाला बाजूला बोलावले आणि त्याच्या हाती दुसरी पायली दिली.

"त्या अकरा बायकाइले याच्यानं मोज. बाकीच्याइले तुह्या पायलीनं."

उकंडाने ती उलटी करून पाहिली. वरून ती माझ्या सख्ख्या बहिणीसारखी होती, पण तिचे बूड आत ठोकलेले होते.

"मालक, माही एक पायली पुरे हाय ना."

"लई मान वर झाली त्याइची. अन् तुह्यं घर कोनाच्या जागेवर हाय, याद हाय का?"

मित्रांनो, माझ्या धन्याचे कौतुक सांगायला मी बसले आहे, पण ही गोष्ट मी लपवणार नाही. उकंडाने ती पायली घेतली. बायकांच्या पदरात माप ओतताना त्याचा 'लाभ' शेजारच्यालाही ऐकू गेला नाही. मी भुशाच्या ढिगाजवळ पडून सारे पाहत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. भर दुपारी पंचफुला दारात आली.

"कौसल्याबाई, तुही पायली दे बरं. माही ज्वारी कमी वाटून राह्यली."

कौसल्याने मला हसत आणून दिले. पंचफुलाने अंगणात घोंगडी पसरली आणि स्वतः मोजले. मजुरीची म्हणून मिळालेली आठ पायल्या ज्वारी सात पायल्या आणि वर दोन ओंजळी भरली. कौसल्याचे हसू गेले. तिने नवऱ्याकडे पाहिले. तो मातीकडे पाहत होता. माझ्याच मापाने मी माझ्या धन्याला उघडे पाडले होते.

पंचफुला ओरडली नाही. ती म्हणाली, "तुह्या आज्याले अन् माह्या आज्याले या गावानं एकाच घाटावरून पान्याबिगर हाकललं, उकंडा. मालकानं केलं असतं तं मले नवल नोतं." ज्वारी बांधून ती निघून गेली.

त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. कौसल्याने शास्त्र उघडले आणि जक्कयची गोष्ट वाचली. लोकांना लुबाडणारा हा माणूस प्रभू घरी येताच उभा राहिला आणि ज्याचे घेतले त्याला चौपट परत देतो म्हणाला.

"चौपट देयाले कनगीत एवढी ज्वारी नाही, कौसल्ये," उकंडा म्हणाला.

"जेवढी हाय तेवढी देऊ. पन तो आधी उभा राह्यला, सगळ्याइच्या समोर. ते पयले करा."

"घर जाईन आपलं."

"जाऊ द्या. पालात राहू. पन तुमी असे खाली मान घालून बसले, हे माह्यानं पाहवत नाही."

सोमवारी खळ्यावर सारे गाव जमले असताना उकंडा मला डोक्यावर घेऊन आला. मागून कौसल्या बैलगाडीत घरची ज्वारी घेऊन आली. तो राशीजवळ उभा राहिला. मला खाली ठेवून त्याने डोक्यावरचे फडके काढले.

"शनिवारी म्या या अकरा बायाइले खोट्या पायलीनं मोजलं. दुसऱ्यानं सांगतलं, पन हात माह्येच होते. देवासमोर अन् तुमच्यासमोर चुकलो. एकेकीले जे पायली कमी भरली, तिच्या जागी आज दोन देतो. त्याच्याहून जास्त माह्या घरी नाही."

विठ्ठलराव संतापाने लाल झाले. "आजपासून तू मापारी नाही!" ते ओरडले. उकंडाने मान हलवली आणि खाली बसून पहिले माप भरले. "लाभ!" तो म्हणाला. बाविसावे माप ओतले तेव्हा गाडीचा तळ दिसत होता. पंचफुलाने पदर धरला होता. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि कौसल्याच्या चेहऱ्यावर राणीचे तेज होते. माझ्या साऱ्या आयुष्यात मी एवढ्या ताठ्याने कधी भरले नाही आणि रितीही झाले नाही.

त्यांना जागा सोडावी लागली. वस्तीच्या कडेला कुडाचे घर बांधताना त्या अकराही जणी माती तुडवायला आल्या. इकडे विठ्ठलरावांची पंचाईत झाली. ज्याच्याकडे दोन पायल्या आहेत, त्याचे धान्य कोण विश्वासाने घेणार? नेरचा व्यापारी आला आणि म्हणाला, "माप उकंडाचं असेल तर गाडी भरतो." आठवडाभर रास पडून राहिली. शेवटी विठ्ठलराव स्वतः कुडाच्या घरी आले.

"चाल बाबा. तुहीच पायली आन."

"अन् ते दुसरी?"

"ठोकून सपाट केली," ते दुसरीकडे पाहत म्हणाले.

पुढे किलो आला. शेर आणि पायली सरकारने बंद केली. मी कोपऱ्यात उपडी पडले. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या, शिक्क्यावर गंज चढला. मला वाईट वाटे, का खोटे बोलू?

मग गावात सोसायटीचे गोदाम झाले आणि तराजूवर माणूस नेमायचा होता. सभेत कोणी म्हणाले, उकंडाला आकडे वाचता येत नाहीत. पंचफुला उठली. "आकडे तो शिकीन. बाकीचं त्याले शिकवा लागत नाही." सर्वांत पुढे विठ्ठलराव बसले होते. त्यांनीच पहिला हात वर केला. पंचेचाळिसाव्या वर्षी उकंडा कौसल्याजवळ बसून कोळशाने जमिनीवर आकडे गिरवू लागला.

मित्रांनो, तुमच्या घरी अडगळीत माझ्यासारखे एखादे जुने माप असेल, तर त्याला राख लावून घासा, त्याने कोणाकोणाची पोटे भरली ते मोठ्यांना विचारा. आणि समोरच्याला तपासता येणार नाही असे माप तुमच्या हाती येईल, तेव्हा ते फार जपून धरा. मी खरी होते, कारण लोहाराने मला तसे घडवले. त्यात माझे काय? उकंडा मात्र एकदा खोटा पडून, भर खळ्यावर पुन्हा खरा झाला. म्हणून माझ्यापेक्षा मला त्याचाच अभिमान अधिक वाटतो.