मग खेकड्याचं काय झालं?

आमच्या कोनात्सुच्या शाळेतल्या कुसाका बाई दारात उभ्या होत्या आणि मी त्यांना चहा विचारला नाही. बाई घरभेटीला येणार म्हटलं की शाळेतून आधीच निरोप येतो, चहापाण्याचा त्रास घेऊ नका. तरी घरोघरी चहा ठेवतात, बशीत काहीतरी गोड ठेवतात, आणि बाई हात न लावता उठतात. मी मुद्दामच काही ठेवलं नव्हतं. कळू दे बयेला.

"ओकुमुरा-सान, स्पष्टच बोलते," बाई म्हणाल्या. आवाज साखरेत घोळलेला. "कोनात्सु दुसरीत आली, पण तिला वाचता येत नाही. तिला मागे पडलेल्या मुलांच्या वेगळ्या वर्गात घालावं म्हणते. तुमचा होकार हवा."

"वाचता येत नाही, की तुमच्यासमोर येत नाही?"

बाई नुसत्या हसल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आमच्याकडे धडा वाचतात तो असा: एकेकानं उठायचं, पूर्णविरामापर्यंत एक वाक्य वाचायचं, बसायचं. आम्हीही तसंच शिकलो. पण या बाईंच्या वर्गात जो अडखळेल तो तास संपेपर्यंत उभा. मग पोरं काय करतात? पुढची डोकी मोजतात, आपल्या वाट्याचं वाक्य हुडकतात आणि तेवढंच घोकत बसतात. बाकीचा धडा गेला खड्ड्यात. गेल्या आठवड्यात कोनात्सुच्या पुढची मुलगी पोट दुखतं म्हणून मधेच उठून गेली. आमची खाली मान घालून घोकतेय, तिला पत्ताच नाही. पाळी आली तशी उठली आणि घोकलेलं वाक्य घडाघडा म्हणून मोकळी झाली. वाट्याला आलं होतं त्या मुलीचं वाक्य, हिनं म्हटलं त्याच्या पुढचं. वर्ग फिदीफिदी हसला.

"कोनात्सु-सान, पुस्तकात बघून वाचतात, छताकडे बघून नाही," असं म्हणून बाईंनी तिला उभं ठेवलं. त्या दिवसापासून पोरीनं शाळेत तोंड उघडलेलं नाही. हे मला तिनं नाही, शेजारच्या पोरीनं सांगितलं.

"ती पाठ करते हो, वाचत नाही," बाई म्हणाल्या.

"का पाठ करते, ते विचारलंत कधी तिला?"

"एकेकीला कुरवाळत बसले तर धडा कधी संपायचा?"

"संपवा की मग! धडा संपवा, पोरी संपवा!"

बाईंचा चेहरा कडक झाला. त्या काही बोलणार, एवढ्यात आतून आवाज आला. कोनात्सु वाचत होती.

आमचे सासरे जन्मभर मासेमारीच्या बोटीवर स्वयंपाकी होते. थंडीत पडले, कंबर मोडली, तेव्हापासून अंथरुणात. संध्याकाळी नात त्यांना धडा वाचून दाखवते. म्हातारा चुका काढत नाही. त्याला फक्त गोष्ट हवी असते.

"खेकड्याला वाळूत एक चप्पल सापडली," कोनात्सु वाचत होती. "तो आत शिरला आणि म्हणाला, हे माझं घर."

"चप्पल? कुणाची गं?"

"थांबा ना आजोबा, पुढे आहे ते!" ती खिदळली आणि पुढचं वाचू लागली. अडखळली, मागे गेली, शब्द नीट लावला आणि निघाली.

बाई ऐकत राहिल्या. वर्गात हसं झालं तोच धडा होता. त्यांनी एक पाऊल आत टाकलं, चेहरा जरा सैल झाला. आता म्हणतील, छान वाचते हो. मला खरंच वाटलं, आता म्हणतील.

"कोनात्सु-सान!" बाईंनी दारातूनच हाक दिली, तोच साखरेत घोळलेला आवाज. "एक शब्द गाळलास हं. त्या ओळीपासून पुन्हा."

आतला आवाज बंद पडला. कोनात्सु रडली नाही, काही नाही. पुस्तक मिटल्याचं तेवढं ऐकू आलं.

बाई आतल्या दाराकडे बघत राहिल्या.

"ऐकलंत?" मी म्हटलं. "आता सांगा बाई, वर्ग कुणाचा बदलायचा?"

बाईंनी खाली वाकून नमस्कार केला आणि निघून गेल्या. मी दार धाडकन लावलं. आत म्हातारा विचारतच होता, "अगं बाळा, मग त्या खेकड्याचं काय झालं?"

कोनात्सुनं त्यालाही उत्तर दिलं नाही.