जहाजाबाहेरचा माणूस

"गप बसा रे, कप्तान काय बोलतोय ते ऐकू द्या!" यूनुस वरच्या खाटेवरून ओरडला, आणि लगेच कप्तानाचा आवाज काढून स्वतःच बोलू लागला. "बाबांनो, डिझेल संपत आलंय. ज्याला घरी जायचं त्यानं आत्ताच जा. मागाहून माझ्या नावानं बोंबलायचं नाय."

खोलीत हशा पिकला. टीव्हीवरच्या त्या मिशाळ कप्तानाने अरबीत खरे काय म्हटले होते ते तिथे कोणालाच कळले नव्हते. यूनुसलाही नाही. लहानपणी दापोलीकडच्या मदरशात तो अरबी वाचायला शिकला होता, समजायला नव्हे. पण कंपनीची बस संध्याकाळी आखातातल्या मुसफ्फाच्या कामगार कॅम्पवर आली की माणसे हातपायही न धुता या खोलीत घुसत, ती चित्रांसाठी कमी आणि यूनुससाठी जास्त. चित्रे जपान्यांनी काढलेली, त्यात आवाज घातले अरबांनी, आणि त्याच्यावर यूनुसचे दापोलीचे मराठी. बिहारच्या मुनीरला त्यातला एक शब्द येत नसे, तरी सगळ्यांत मोठ्याने तोच हसे.

मिशा फुटलेल्या बाप्यांनी कार्टून कसले बघायचे, असे ज्याला वाटत असेल त्याने त्या खोलीत एक उन्हाळा काढून दाखवावा. मग बोलावे.

गोष्ट सोपी होती. फणसासारखा काटेरी, काळा, अवाढव्य गोळा आकाशातून पृथ्वीकडे येत होता. त्याला अडवायला एकच जुने जहाज, त्यावर मूठभर खलाशी. रोज एखादा मरायचा. उरलेल्यांनी आता ठरवले होते की जहाज त्या फणसाच्या पोटात घुसवायचे आणि आतच फोडायचे.

शेवटच्या भागाला खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कप्तान उठला. त्याने खलाशांकडे एकेक करून पाहिले. यूनुसने घसा खाकरला. आणि चित्र गेले, मशिदीचा घुमट आला, मगरिबची, सूर्य मावळतानाची अजान सुरू झाली.

त्यात नवल काही नव्हते. थंडीत त्या वेळेला रोजच अजान लागायची, रोज थोडी पुढे सरकायची. कधी सुरुवातीलाच गाठायची, कधी मध्येच. यूनुस मुकाट्याने उतरला आणि वजू करायला गेला. अजान संपून चित्र परत आले तेव्हा फणस नव्हता, जहाजही नव्हते. खाली निळी पृथ्वी आणि काळ्या आभाळात तरंगणारी एक छोटी होडी. मग गाणे, मग नावे, खलास.

"सगळे गेले आत," परेश म्हणाला. परेश खेडचा, नुकते लग्न करून आलेला फिटर. बोलायला पुढे, कामालाही पुढे.

"मग ती होडी कुणाची?" केरूने विचारले.

"रिकामी असंल."

"रिकामी होडी कोण सोडतो रे? कोणतरी मागं राहिला असणार."

"केरूदादा, तुमचं कामच बाहेर उभं राहायचं. तुम्हाला सगळीकडं बाहेरचाच माणूस दिसणार!"

पुन्हा हशा. केरूही हसला. परेशला तेवढ्याने भागले नाही. "दोस्त आत मरतोय आणि बाहेर राहील तो माणूस कसला? काय यूनुसभाय?"

यूनुस नमाज पढून टोपी खिशात घालत येत होता. "मी काय सांगू, मी बघितलंच कुठं? परत लावतात ना हे लोक. तेव्हा बघून सांगतो. इन्शाल्ला."

केरू मांडवकर कंपनीच्या यार्डात होलवॉच होता. मोठमोठ्या लोखंडी टाक्या तयार व्हायच्या, माणसे आत शिरून वेल्डिंग करायची, घासायची. टाकीच्या पोटाला एक गोल भोक, मॅनहोल, त्याच्या तोंडाशी केरू. आतल्या माणसाच्या कमरेला दोरी, दुसरे टोक केरूच्या हातात. एक झटका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे ओढ. केरूने मधूनमधून एक झटका द्यायचा, आतून एक यायचा. आणि काही झाले तरी स्वतः आत जायचे नाही. हा नियम त्याला कामाला लागला त्याच दिवशी पाठ करायला लावला होता. आतल्याला वाचवायला जो शिरतो तोच दुसरा मुडदा असतो.

यूनुस आत असला की केरूचे डोके फिरवायचा. उगाच दोन झटके द्यायचा, केरू घाबरून ओढायला लागला की आतून हसणे घुमायचे. "जागा हाईस का बघितलं!"

"भाड्या, एक दिवस खरंच ओढणार नाय मी," केरू म्हणायचा.

थंडी सरली, ऊन चढू लागले होते, तेव्हाची गोष्ट. यूनुस आडव्या टाकीत जोड घासायला शिरला. आधीच्या पाळीत आत वेल्डिंगसाठी आर्गॉन वायू वापरला होता, तो श्वासाची हवा बाहेर ढकलतो. आर्गॉनला वास नसतो, रंग नसतो, घसा खवखवत नाही. माणूस दमल्यासारखा खाली बसतो, एवढेच. त्याची नळी बंद केली आहे असे सगळ्यांना सांगण्यात आले होते. नळी बंद नव्हती. आतली हवा मोजायचे यंत्र दुरुस्तीला गेले होते आणि काम थांबवायचे नव्हते.

केरूने झटका दिला. उत्तर आले नाही.

पुन्हा दिला.

"यूनुसभाय, मस्करी नको हां!"

आत ग्राइंडर किंचाळत होता. केरूने बॅटरी मारली. ग्राइंडर आडवा पडून फिरत होता आणि यूनुस भिंतीला टेकून बसला होता, मान छातीवर, जेवणानंतर डुलकी लागावी तसा.

केरूने दोरी खेचली. यूनुस थोडा सरकला आणि दोरी आतल्या एका लोखंडी पट्टीत अडकली. केरूने पाय टाकीला लावून जोर केला. "परेश! मुनीर! धावा रे! हवेचा सेट आणा!"

हवेचा सेट म्हणजे पाठीवरचा सिलिंडर आणि तोंडावरचा मुखवटा. तो लावून आत जाता येते. यार्डात असा एकच होता आणि तो कंटेनरमध्ये कुलपात होता, कारण महाग होता. मुनीर कंटेनरकडे धावला. कुलपावर दगड मारल्याचा आवाज येऊ लागला.

परेश आला. दोघांनी दोरी ओढली. हलेना.

"मी सोडवून येतो. अडकलीय नुसती. श्वास कोंडून जातो नि येतो."

"नाय जायचं!" केरूने त्याचा शर्ट धरला.

"केरूदादा, सोडा."

"सेट येतोय. थांब. परेश, तुला आईची शपथ!"

"तो मरतोय तिथं!" परेशने झटका दिला. शर्टाची शिवण उसवली. तो भोकातून आत गेला, यूनुसपर्यंत पोचला, दोरीला हात घातला. केरू बॅटरी धरून बघत होता. परेशने वळून त्याच्याकडे पाहिले, काहीतरी बोलायला तोंड उघडले, म्हणजे श्वास घेतला. मग तोही यूनुसशेजारी बसला.

कुलूप तुटून सेट आला आणि दोघांना बाहेर काढले, तेव्हा दोघेही गेले होते.

काही दिवसांनी सेफ्टी ऑफिसर अरुण साबणीस यांनी केरूला ऑफिसात बोलावले. एसी जोरात चालू होता.

"बस, केरू. हे बघ, तू प्रोसिजर फॉलो केलीस. तुझ्यावर काही येणार नाही, मी पर्सनली बघितलंय."

"साहेब, सेट कुलपात का होता?"

"तो इश्यू वेगळा आहे."

"वेगळा कसा? सेट असता तर मी गेलो असतो आत. परेशला जावं लागलं नसतं."

"चावी मॅनेजरकडे होती, मॅनेजर दुबईला मीटिंगला. मी काय करणार? मीही नोकरच आहे रे." साबणीस काचेतून बाहेर बघत बोलत होते. "आता तो विषय खलास. परेशने जे केलं ती ब्रेव्हरी आहे. कंपनी त्याचा मान ठेवणार आहे."

मान ठेवला. गेटजवळ परेशचा फोटो लागला, पासपोर्टवरचाच मोठा केलेला, खाली इंग्रजी ओळ. साबणीसांनी सगळ्यांना उन्हात उभे करून तिचा अर्थ सांगितला: सहकाऱ्यासाठी प्राणांचे बलिदान. मग टाळ्या वाजवायला लावल्या.

बलिदान देणारा असतो तसा घेणाराही असतो. घेणाऱ्याचे नाव फोटोखाली नव्हते. आणि यूनुसचा तर फोटोच नव्हता. तो नुसता काम करताना मेला होता, त्याला कोण टाळ्या वाजवणार?

कॅम्पात केरूला कोणी काही बोलले नाही. तेच वाईट होते. शिव्या घातल्या असत्या तर त्याला सांगता आले असते की शर्ट धरला होता, शपथ घातली होती. तो मेसमध्ये बसला की शेजारचा ताट घेऊन उठायचा नाही, पण लवकर जेवायचा. एकदा नळावर एका नव्या माणसाने दुसऱ्याला हळूच विचारले, "तो बाहेर उभा होता तो हाच का?" केरूने ऐकले आणि बादली भरेपर्यंत तिथेच उभा राहिला.

कॅम्पच्या फोनवर यूनुसच्या बायकोचा, मरियमबीचा फोन आला.

"केरूभावजी, तुम्ही तिथंच होतात ना?"

"होय भाभी. दोरी माझ्याच हातात होती."



"शेवटचं काय बोलले?"

"काय नाय बोलले. मशीन चालू होतं. ऐकू नसतं आलं."

"हाक मारली असंल पण."

"मारली असंल," केरू म्हणाला.

त्याने साबणीसांकडे दुसरे काम मागितले. झाडायचे द्या, माल उतरवायचे द्या. साबणीस म्हणाले, "केरू, एक्सपिरियन्स्ड होलवॉच मिळत नाहीत रे." पुढच्या टाकीला तो पुन्हा भोकाच्या तोंडाशी उभा होता. आत जाणारा माणूस कमरेला दोरी बांधताना त्याच्याकडे न बघता टोक त्याच्या हातात देत असे. केरू आता इतक्या वेळा झटके द्यायचा की आतले वैतागायचे.

अडकलेली ती दोरी कापून काढली होती. कापलेली दोरी कामाला चालत नाही, म्हणून भंगारात टाकली होती. तिथून कोणीतरी तिचा लांब तुकडा उचलून आणला आणि खोलीमागे दोन खांबांना कपडे वाळत घालायला बांधला. कोणाच्या लक्षात आले नाही. केरूच्या आले. तिच्यावर त्याचेही कपडे वाळत.

भर उन्हाळ्यात ते कार्टून परत लागले. आता दिवस इतका मोठा होता की कार्टून संपून गेले तरी अजानीला वेळ असे. सगळे भाग अखंड दिसू लागले, पण भाषांतर करायला कोणी नव्हते. कप्तान नुसता अरबी बोलायचा आणि माणसे नुसती बघायची. हसायला येईल असे त्यात काहीच नव्हते हे पहिल्यांदाच कळत होते.

शेवटचा भाग लागला तेव्हा केरूने बादली उचलली आणि मागे गेला. कपडे पिळून एकेक दोरीवर टाकू लागला. भिंतीपलीकडून जहाजाची धडधड येत होती. मग कप्तानाचा आवाज. मग कोणीतरी लोखंडावर मुठी आपटत असल्याचा आवाज, बराच वेळ.

मुनीर मागच्या दारात आला. धावत आला होता, पण दारात येऊन अडखळला.

"केरूभाई, कप्तान ने दरवाजा अंदर से बंद कर दिया. किसी को आने नहीं दिया. वो बाकी सब बाहर से पीटते रह गये, उसने खोला ही नहीं. सबको छोटी नाव में भेज दिया."

केरू शर्ट झटकत होता. तो थांबला.

"क्या बोला कप्तान? दरवाजा लगाते टाइम?"

"बोला तो कुछ. लंबा बोला." मुनीरने मान खाली घातली. "क्या मालूम. यूनुसभाई होता तो बताता."

"उस दिन परेश को दिखाना था ना," केरू म्हणाला. "अब क्या."

मुनीर आत गेला. कोणीतरी टीव्ही बंद केला.

केरूने शेवटचा शर्ट टाकला, चिमटा लावला. वाळूवरून गरम वारा आला, सगळे कपडे एका बाजूला फुगले आणि दोरीला झटका बसला. एकच.

केरूने दोरी धरली. एक झटका दिला.

ओल्या कपड्यांतून पाणी टपकत होते. तो दोरी धरून तसाच उभा राहिला.